नुकसान आणि अपकृत्य

कोणीं आपलें नुकसान केलें म्हणजे त्याच्यावर भरपाईचा दावा लावतां येतो, अशी सर्वसाधारण समजूत आढळते. ती अर्धीच खरी आहे. कायद्याच्या ज्या शाखेला अपकृत्यांचा कायदा म्हणतात, तिचा अभ्यास आरंभणाऱ्या विद्यार्थ्यानें प्रथम ही समजूत बाजूस सारली पाहिजे. न्यायालयाचा पहिला प्रश्न 'नुकसान किती झालें?' हा नसतो. 'कोणत्या हक्कावर आक्रमण झालें?' हा असतो.

अपकृत्य ही दिवाणी स्वरूपाची आगळीक होय. गुन्हा घडला असतां सरकार अपराध्यास शिक्षा देववितें. अपकृत्य घडलें असतां ज्याला इजा पोंचली तो स्वतः भरपाई मागतो. करारांतील कर्तव्य उभय पक्षांनीं आपखुशीनें पत्करलेलें असतें. येथें तें कायद्यानेंच प्रत्येकावर घातलेलें असतें. एकच कृत्य गुन्हा आणि अपकृत्य असें दोन्ही असूं शकतें. बेफाम मोटार हांकून पादचाऱ्यास जखमी करणाऱ्यावर खटला होतो, आणि त्याला भरपाईही द्यावी लागते.

आतां हक्काचा प्रश्न. इ. स. १४१० सालीं इंग्लंडांतील ग्लॉस्टर येथें एका शिक्षकानें नवी शाळा काढली. जुन्या शाळेच्या शिक्षकांना पूर्वीं दर मुलामागें तिमाहीस ४० पेन्स मिळत. ते १२ पेन्सांवर आले. नुकसान ढळढळीत होतें, तरीही त्यांचा दावा टिकला नाहीं. शाळा काढण्याची मोकळीक जशी त्यांना, तशीच दुसऱ्यालाही होती. याच्या नेमकें उलट उदाहरण १७०३ सालच्या ॲश्बी विरुद्ध व्हाइट या दाव्याचें आहे. एल्सबरी येथील एका मतदारास अधिकाऱ्यानें मत देऊं दिलें नाहीं. त्याच्या पसंतीचे उमेदवार तरीही निवडून आले. म्हणजे पैचेंही नुकसान झालें नाहीं. मुख्य न्यायाधीश होल्ट यांनीं मात्र, जेथें हक्क आहे तेथें त्याच्या रक्षणाचा उपायही असलाच पाहिजे, असें मत दिलें. सहकारी न्यायाधीश विरुद्ध गेले. परंतु हाउस ऑफ लॉर्ड्सनें मतदाराच्याच बाजूनें निकाल दिला.

हयगयीच्या दाव्यांत तीन गोष्टी दाखवाव्या लागतात : काळजी घेण्याचें कर्तव्य, त्या कर्तव्याचा भंग, आणि त्या भंगामुळेंच झालेली इजा. हें कर्तव्य कोणाविषयीं असतें, याचा खुलासा १९३२ सालच्या डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हनसन या निवाड्यानें केला. स्कॉटलंडांतील पेस्ली येथें एका बाईस तिच्या मैत्रिणीनें जिंजर बिअरची बाटली विकत घेऊन दिली. कांहीं पेय पोटांत गेल्यावर त्या अपारदर्शक बाटलींतून कुजलेली गोगलगाय निघाली व आपली प्रकृति बिघडली, अशी बाईची तक्रार होती. पैसे मैत्रिणीनें दिलेले; कारखानदाराशीं बाईचा करार मुळींच नव्हता. तरीही तीन विरुद्ध दोन मतांनीं दावा चालण्याजोगा ठरला. आपल्या कृतीनें ज्याला इजा पोंचेल हें वाजवी विचारानें आधींच दिसावें, तो कायद्याच्या दृष्टीनें आपला शेजारी, असें लॉर्ड ॲटकिन यांनीं सांगितलें. गोगलगाय खरोखरच होती कीं नाहीं, हें न्यायालयांत कधींच सिद्ध झालें नाहीं. निर्णय झाला तो तत्त्वाचा.

कांहीं धोक्यांच्या बाबतींत हयगयही सिद्ध करावी लागत नाहीं. लँकाशायरमधील एका गिरणीमालकाच्या तलावाचें पाणी जुन्या खाणींच्या वाटेनें शेजारच्या कोळशाच्या खाणींत शिरलें. मालकाचा स्वतःचा दोष नव्हता. तथापि रायलँड्स विरुद्ध फ्लेचर या दाव्यांत १८६८ सालीं तोच जबाबदार ठरला. मात्र या नियमाला दैवी आपत्ति, तिऱ्हाइताचें कृत्य असे अपवाद होते. भारतांत १९८४ सालीं भोपाळची भीषण वायुदुर्घटना घडली. पुढच्याच वर्षीं दिल्लींतील एका कारखान्यांतून ओलियम वायु सुटला. दिल्लीच्या या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर १९८६ मध्यें ते अपवादही नाकारले. घातक धंद्यावर नफा मिळविणाऱ्यानें त्याच्या अपघाताचा भारही सोसला पाहिजे. आणि धंदा जितका मोठा व सधन, तितकी भरपाई अधिक. कारखान्याच्या भिंतीआड काय चुकलें, हें बाहेरच्या झोपडींतील माणसानें सिद्ध कसें करावें? त्याच्या या असहायतेची दखल ह्या निवाड्यानें घेतली.

अपकृत्यांचा एकत्रित कायदा भारतांत आजवर झालेला नाहीं. सर फ्रेडरिक पोलॉक यांनीं १८८६ च्या सुमारास मसुदा केला होता. तो मसुदाच राहिला. म्हणून विद्यार्थ्यानें कलमें शोधण्याऐवजीं निवाडे वाचावे, आणि प्रत्येक प्रसंगीं क्रमानें विचारावें : हक्क कोणता, कर्तव्य कोणाचें, भंग कसा झाला, इजा त्यामुळेंच झाली काय? समोर दुसरें दुकान निघाल्यानें गिऱ्हाईक घटलें, तर जुन्या वाण्याला दावा नाहीं. पण नव्या पिठाच्या गिरणीच्या हादऱ्यांनीं त्याच्या घराची भिंत तडकली, तर तो आहे.