बंद केलेल्या गोळ्यांचा हिशेब

गेल्या हिवाळ्यातल्या एका पहाटे, साडेचारच्या सुमारास, छातीत आतून कोणी थापा मारीत असल्यासारखे वाटून मी जागा झालो. नाडी मोजली. मिनिटाला 124. भोपाळची थंडी, पण कपाळावर घाम होता. पत्नीने दिवा लावला आणि पहिला प्रश्न विचारला, ‘‘कोणती गोळी चुकली?’’ मी खरे उत्तर दिले नाही. गोळी चुकलेली नव्हती. तीन दिवसांपूर्वी मी ती स्वतःच्या निर्णयाने, कोणालाही न विचारता बंद केली होती.

ती गोळी मेटोप्रोलॉल, 50 मिलिग्रॅमची. अडीच वर्षांपूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेला, एक स्टेंट बसला आणि रुग्णालयातून घरी येताना हाती पाच औषधांची यादी आली. प्रत्येक नावासमोर एकच शेरा होता : ‘पुढे चालू’. किती काळ, कशासाठी, त्रास झाला तर काय करायचे, याविषयी एक अक्षर नाही. यादीतल्या रॅमिप्रिलने सहा आठवड्यांत कोरडा खोकला लावला. खोकल्याची दोन सिरपे झाली, छातीचा एक्स-रे झाला. अखेर एका तरुण निवासी डॉक्टरने यादीवर नजर टाकून ते औषध बदलले, टेल्मिसार्टन दिले आणि पंधरा दिवसांत खोकला गेला. या गटातील औषधांनी काही रुग्णांना असा खोकला होतो, हे त्यांच्या पाठ्यपुस्तकातले ज्ञान आहे. ते माझ्यापर्यंत पोहोचायला खोकल्याच्या दोन बाटल्या रिकाम्या व्हाव्या लागल्या.

मेटोप्रोलॉलचे दुखणे अधिक मुरलेले होते. बोटे गार पडत. जिना चढताना पाय शिशाचे होत. आणि स्वप्ने! तीस-पस्तीस वर्षांपूर्वी निकाली निघालेल्या फायली रात्री पुन्हा माझ्या टेबलावर येत आणि त्यांतली माणसे मोठ्याने बोलत. हे मी तपासणीच्या वेळी दोनदा सांगितले. चार मिनिटांच्या त्या भेटीत दोन्ही वेळा उत्तर मिळाले, ‘‘या वयात व्हायचेच.’’ मग मी ठरवले. ‘सक्षम प्राधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय’ हे शब्द ज्याने हजारो आदेशांत लिहिले, त्याने स्वतःच्या हृदयाच्या बाबतीत परवानगीची वाट पाहिली नाही.

काय घडले ते नंतर कळले. बीटा ब्लॉकर जातीची औषधे अ‍ॅड्रेनॅलिनला हृदयाच्या पेशींवर बसू देत नाहीत. पेशी मग त्याला जागा देणाऱ्या ग्राहींची संख्या हळूहळू वाढवतात. औषध एकाएकी थांबले, की वाढलेल्या साऱ्या जागा एकदम मोकळ्या होतात आणि पूर्वीइतकेच अ‍ॅड्रेनॅलिन पूर्वीपेक्षा जोराने हृदयाला हाकू लागते. ज्याला आधीच हृदयरोहिणीचा विकार आहे, त्याच्या छातीत यातून कळ उठते, क्वचित नवा झटकाही येतो. 1970 च्या दशकाच्या मध्यापासून हे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेले आहे आणि अमेरिकेत या औषधांच्या माहितीपत्रकावर चौकटीत छापलेले असते : अचानक थांबवू नये, मात्रा एक ते दोन आठवड्यांत उतरवावी. जिल्हाधिकारी म्हणून मी दोनदा संचारबंदी लावली आणि उठवली आहे. ती आधी दोन तास, मग चार तास, मग दिवसभर, अशी शिथिल करायची असते, हे मला ठाऊक होते. गोळीचेही तसेच असते, हे मात्र ठाऊक नव्हते.

त्या पहाटे मला एका माणसाची आठवण झाली. 2001 च्या सुमाराची गोष्ट आहे. मी ज्या जिल्ह्यात होतो, तिथे माझ्या गाडीवर एक चालक होता, पंचेचाळिशीचा, मितभाषी. त्याला रक्तदाब आणि छातीच्या दुखण्यासाठी अ‍ॅटेनोलॉल चालू होते. ते तो सरकारी दवाखान्यातून फुकट घेई. एका उन्हाळ्यात तिथला साठा संपला. ‘‘पुढच्या आठवड्यात या,’’ असे त्याला सांगण्यात आले. तो पुढच्या आठवड्यात गेला, त्याच्या पुढच्याही. बाजारातून विकत घ्यायची तर पट्टी फार महाग नव्हती, पण फुकट मिळणारी वस्तू आठवड्याभरात येणारच असेल, तर गरीब माणूस ती विकत घेत नाही. ती थांबवण्यात धोका आहे, हे त्याला कोणीच सांगितले नव्हते. दौऱ्यावर असताना भर रस्त्यात त्याने गाडी कडेला घेतली, हात छातीवर ठेवला आणि म्हणाला, ‘‘साहेब, माफ करा, आता चालवता येत नाही.’’ तो वाचला. गाडीवर मात्र परत आला नाही. आवक-जावक विभागात बसू लागला.

साठा संपल्यामुळेच हे झाले, असे मी शपथेवर सांगू शकत नाही. त्याला सिगारेटचेही व्यसन होते. पण त्या महिन्याच्या औषधसाठ्याच्या विवरणपत्रावर माझी सही आहे. ‘अत्यावश्यक औषधे : समाधानकारक’. साथीच्या रोगांची औषधे, सर्पदंशाची लस, सलाईन, हे सारे मी तपासले होते. अ‍ॅटेनोलॉल त्या यादीत शोधावे, असे मला सुचले नाही. पुरवठा खंडित होणे म्हणजे काही हजार लोकांचे औषध एका दिवशी, एकदम, डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय बंद करणे, असा विचार तेव्हा प्रशासनात कोणी करीत नव्हते. आजही फारसा होत नाही. तामिळनाडूने 1994 मध्ये स्वतंत्र वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापून, प्रत्येक रुग्णालयाला पासबुक देऊन, खरेदी आणि साठ्याची शिस्त बसवली. राजस्थानने 2011 मध्ये मोफत औषध योजना आणली ती बरीचशी त्याच धर्तीवर. ज्यांनी ही शिस्त आणली नाही, तिथे औषधाचे अंदाजपत्रक अजूनही वर्षाच्या अखेरीस संपते आणि रुग्णाचे हृदय मार्चअखेर ओळखत नाही.

मी इतिहासाचा विद्यार्थी, त्यामुळे या गोळ्यांच्या वंशावळीत शिरलो. 1931 मध्ये दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमाँ सिद्दिकी यांनी सर्पगंधेच्या मुळांतून एक द्रव्य वेगळे काढले आणि कॉलेजचे संस्थापक हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ त्याचे नाव अजमलीन ठेवले. ते पुढे हृदयाच्या बिघडलेल्या लयीवर वापरले गेले. 1949 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयाशी संबंधित डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा उच्च रक्तदाबावरील उपयोग ब्रिटिश नियतकालिकात मांडला आणि जगाचे लक्ष या मुळीकडे वळले. 1957 मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. तीन वर्षांनी, 1952 मध्ये, स्वित्झर्लंडमध्ये त्याच मुळीतून रेसर्पिन वेगळे झाले आणि ते देशोदेशी दिले जाऊ लागले. मग तक्रारी येऊ लागल्या. रक्तदाब उतरतो, पण माणूस उदास होतो, बोलेनासा होतो. डॉक्टरांनी त्या तक्रारी ऐकल्या, लिहून ठेवल्या, मात्रा घटवल्या. रुग्णाच्या बोलण्याला पुराव्याचा दर्जा मिळाला म्हणून ते ज्ञान तयार झाले. हृदयाच्या औषधांची सुरुवातच आपल्याकडे अशी झालेली असताना, आज ‘‘या वयात व्हायचेच’’ हे उत्तर का मिळावे?

त्या उत्तराचा दोष एकट्या डॉक्टरांवर टाकणे सोपे आहे आणि चुकीचेही आहे. ज्याच्या दारात सकाळी दीडशे माणसे उभी आहेत, तो चार मिनिटांहून अधिक कुठून आणणार? अडचण मोजमापाची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) पंधरा वर्षांवरील 24 टक्के पुरुष आणि 21 टक्के स्त्रिया यांचा रक्तदाब वाढलेला किंवा औषधावर असलेला आढळला. केंद्राने 2023 मध्ये साडेसात कोटी रक्तदाब व मधुमेहाच्या रुग्णांना 2025 पर्यंत प्रमाणित उपचारांखाली आणण्याचे उद्दिष्ट ठरवले. ते योग्यच आहे. उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमाने, ज्यात 2017 पासून पंजाब, केरळ, मध्य प्रदेश, तेलंगण आणि महाराष्ट्र होते, एका जिल्ह्यात एकच औषधयोजना आणि रुग्णनिहाय नोंद ही चांगली पद्धत रुजवली. परंतु पुढे विभागाच्या आढावा बैठकांत मी जे रकाने पाहत आलो, ते असे : तपासले किती, निदान किती, औषध सुरू किती. आणि अखेरीस ‘डिफॉल्टर’ किती. कर्ज बुडवणाऱ्यासाठी वापरायचा शब्द आम्ही गोळी थांबवलेल्या माणसाला चिकटवला. त्याने का थांबवली, हा रकाना मी सत्तावीस बैठकांत एकदाही पाहिला नाही. मीही तो मागितला नाही.

हा रकाना जिथे भरला जाऊ शकतो, अशी एक यंत्रणा देशात आहे. 2010 मध्ये सुरू झालेल्या औषध-दक्षता कार्यक्रमाचे राष्ट्रीय समन्वय केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. औषधाने त्रास झाला, तर डॉक्टरच नव्हे, कोणताही सामान्य माणूस 1800-180-3024 या निःशुल्क क्रमांकावर कळवू शकतो. ग्राहकांसाठीचा अर्ज हिंदी, मराठीसह अनेक भाषांत आहे. प्रशासनात इतकी वर्षे घालवून मला हा क्रमांक माहीत नव्हता. माझ्या औषधाच्या दुकानात तो भिंतीवर नाही. दुकानदार पट्टी कात्रीने कापून दहातल्या सहा गोळ्या देतो. खोके आणि त्यातले इंग्रजीतले, डॉक्टरांसाठी लिहिलेले पत्रक दुकानातच राहते. युरोपात 1992 च्या निर्देशापासून रुग्णाला समजेल अशा भाषेतले माहितीपत्रक पाकिटात बंधनकारक आहे. आपल्याकडे 1 ऑगस्ट 2023 पासून 300 प्रमुख ब्रँडच्या वेष्टनांवर क्यूआर कोड आला. बनावट औषध ओळखण्यासाठी त्यात उत्पादक, बॅच, मुदत, परवाना क्रमांक असतो. त्याच चौकोनात ‘ही गोळी एकदम बंद करू नका’ हे एक वाक्य दहा भाषांत घालायला नवा कायदा लागणार नाही, एका अधिसूचनेतील दुरुस्ती पुरेल. मोबाइल नसलेल्यांसाठी तेच वाक्य दवाखान्यातल्या नर्सने तोंडी सांगावे.

प्रत्येक त्रास औषधाचाच असतो, असे माझे म्हणणे नाही. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्या दुष्परिणामांमुळे सोडलेल्या 60 जणांवर लंडनमध्ये एक प्रयोग झाला. तो 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना वर्षभरासाठी बारा बाटल्या दिल्या गेल्या. चार बाटल्यांत खरे औषध, चारांत तसेच दिसणाऱ्या निरर्थक गोळ्या, चार रिकाम्या. रोज त्रासाची नोंद. खऱ्या गोळीने जो त्रास झाला, त्यातला नऊ-दशांश निरर्थक गोळीनेही झाला. मला यापेक्षा पुढची गोष्ट महत्त्वाची वाटते. प्रत्येकाला त्याची स्वतःची नोंद दाखवल्यावर निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली. ‘‘तुमचा भ्रम आहे’’ असे सांगून हे झाले नसते.

आणि काही वेळा रुग्णाचा प्रश्न शास्त्राच्याही पुढे धावत असतो. झटक्यानंतर हृदयाची पंप करण्याची ताकद शाबूत असेल, तर बीटा ब्लॉकर वर्षानुवर्षे लागतात का, यावर 2024 मध्ये दोन मोठे अभ्यास आले. प्रामुख्याने स्वीडनमध्ये झालेल्या अभ्यासात अशा रुग्णांना हे औषध सुरू केल्याचा ठळक लाभ दिसला नाही. फ्रान्समधल्या अभ्यासात मात्र चालू असलेले औषध थांबवणे तितकेच सुरक्षित असल्याचे सिद्ध झाले नाही. म्हणजे ‘‘मला ही अजून लागते का?’’ हे विचारणे अवज्ञा नव्हती. मी ते चुकीच्या जागी, एकट्याने, गोळ्यांच्या डबीला विचारले.

त्या सकाळी दुसऱ्या एका डॉक्टरांनी इसीजी काढला, रक्त तपासले. नवा झटका नव्हता. गोळी पुन्हा सुरू झाली. त्यांनी माझ्या बोटांना स्वतः हात लावून पाहिला. तीन आठवड्यांनी मात्रा 50 वरून 25 वर आणली आणि घरी रोजची नाडी-रक्तदाबाची वही ठेवायला सांगितले. पाय हलके झाले. फायली अजून कधीमधी येतात, पण माणसे आता हळू बोलतात.

माझा तो चालक निवृत्त होऊन गावी राहतो. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. आता त्याला अ‍ॅमलोडिपिन चालू आहे आणि संध्याकाळी घोटे सुजतात. ‘‘साहेब, बंद करून पाहू का?’’ मी म्हणालो, ‘‘गोळी घेऊन मंगळवारी उपकेंद्रात जा. सिस्टरला पाय दाखव. आणि ती वहीत काय लिहिते, ते मला वाचून दाखव.’’ मंगळवारी रात्री त्याने फोन केला. सिस्टरने पाय पाहिला, डॉक्टरांकडे जायची चिठ्ठी दिली. वहीत मात्र नेहमीप्रमाणे रक्तदाबाचे दोन आकडे आणि ‘गोळ्या दिल्या’ एवढेच लिहिले होते. सुजेसाठी त्या पानावर जागा नव्हती.