हरवलेल्या मुलीच्या नावाची वाइन

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत सर्वाधिक खपणाऱ्या वाइनमध्ये एक होती ‘व्हर्जिनिया डेअर’. फिकट रंगाची, गोडसर पांढरी वाइन. नाव मात्र अशा मुलीचं, जिचं पुढे काय झालं हे आजवर कुणालाच कळलेलं नाही!

ही मुलगी जन्मली 18 ऑगस्ट 1587 रोजी, आजच्या नॉर्थ कॅरोलायनातल्या रोअनोक बेटावर. अमेरिकेत इंग्रज आईबापांच्या पोटी जन्मलेलं हे पहिलं मूल. ती जेमतेम नऊ दिवसांची असताना तिचे आजोबा, वसाहतीचे गव्हर्नर जॉन व्हाइट, रसद आणायला इंग्लंडला निघाले. स्पेनशी पेटलेल्या युद्धात त्यांची वाट अडली. ते परतले 1590 मध्ये, नेमके नातीच्या तिसऱ्या वाढदिवशी. वस्ती ओस पडली होती. कुंपणाच्या खांबावर एकच शब्द कोरलेला होता, ‘क्रोएटोअन’; जवळच्या एका बेटाचं नाव. शंभरावर माणसं कुठे गेली, ते कळलं नाही.

त्या किनाऱ्यावर मूळ धरून होती ती तिथली रानद्राक्षं. 1584 मध्ये आलेल्या आर्थर बार्लोनं लिहून ठेवलंय की, समुद्राच्या लाटा थेट द्राक्षवेलींवर येऊन आदळत. यांतलंच एक स्कपरनाँग: टपोरं, जाड सालीचं, हिरवट सोनेरी. याला घड धरत नाहीत. मूठभर फळांचे झुबके लागतात आणि फळं एकेक पिकून गळतात. म्हणून आपण जांभळं पाडतो तसं खाली कापड अंथरून वेल हलवायचा. युरोपातून आणलेले वेल तिथल्या रोगांनी आणि मुळं पोखरणाऱ्या किडीनं माना टाकत. हे द्राक्ष मात्र दोन्हींना पुरून उरतं. याची गुणसूत्रंही 40, युरोपीय द्राक्षाची 38.

पॉल गॅरेट या उद्योजकानं याच द्राक्षाची वाइन केली आणि तिला व्हर्जिनियाचं नाव दिलं. फळात साखर बेताचीच, म्हणून रसात वरून घालावी लागे. 1909 मध्ये नॉर्थ कॅरोलायनात दारूबंदी आली, 1920 मध्ये देशभर. तरीही नाव टिकलं. याच नावाची एक कंपनी आजही व्हॅनिलाचा अर्क बनवते.

आणि रोअनोक बेटावर मँटिओ गावात स्कपरनाँगचा एक अजस्र वेल उभा आहे. तो सुमारे चारशे वर्षांचा मानतात. 2010 मध्ये चुकून पडलेल्या तणनाशकातूनही तो सावरला. बाहेरून आलेली माणसं आणि वेल त्या किनाऱ्यावर टिकले नाहीत. त्यांच्या लेकीचं नाव टिकलं, ते तिथल्याच रानवेलीच्या आधारानं.