स्टॉकिंग

पाऊल, पोटरी व मांडीचा काही भाग झाकणारा, अंगाबरोबर बसणारा विणलेला लांब मोजा. यूरोपात सोळाव्या-सतराव्या शतकांत पुरुषांचेच स्टॉकिंग अधिक नजरेत भरत. आखूड विजारीखाली रेशमी मोजे घालून पोटरीचा डौल दाखविणे, हे सरदारी थाटाचे लक्षण मानले जाई. स्त्रियांचे मोजे घोळदार झग्याखाली झाकलेले असत. १९२० नंतरच्या दशकात झग्याची लांबी गुडघ्यापर्यंत आली आणि मोजा हा स्त्रीवेशाचा दर्शनी भाग बनला. त्याच्याभोवतीचे मोहक वलय मुख्यत्वे या काळानंतरचे आहे.

प्रारंभी मोजे हाताने सुयांवर विणीत. नॉटिंगॅमजवळील कॅल्व्हर्टन येथील विल्यम ली याने १५८९ मध्ये टाक्यांची संपूर्ण ओळ एकदम विणणारे यंत्र तयार केले. हातविणकरांच्या पोटावर पाय येईल म्हणून पहिल्या एलिझाबेथ राणीने त्याला एकस्व नाकारले, असे परंपरेने सांगतात. ली फ्रान्सला गेला व तेथेच वारला. यंत्र मात्र नॉटिंगॅमच्या परिसरात रुजले. मजुरीतील घट आणि रुंद कापडातून बेतून शिवलेले हलके मोजे यांविरुद्ध १८११ मध्ये तेथील कामगारांनी यंत्रे फोडली. विल्यम कॉटन याच्या १८६४ च्या यंत्रावर पायाच्या आकाराप्रमाणे टाके कमीजास्त करून सपाट पट विणता येऊ लागला. त्याच्या कडा मागील बाजूस जोडाव्या लागत. पोटरीवरून जाणारी ही उभी शिवण निव्वळ तांत्रिक गरजेतून आली. तीच पुढे सौंदर्याची खूण ठरली.

रेशमी मोजे महाग असत व एक टाका सुटला तरी उभे उसवत. अमेरिकेत येणारे कच्चे रेशीम बहुतांशी जपानचे होते. ड्यू पाँ कंपनीतील वॉलेस कॅरदर्झ व त्याचे सहकारी यांनी १९३५ मध्ये नायलॉन तयार केले. त्याचे मोजे १५ मे १९४० रोजी अमेरिकाभर विक्रीस आले. कॅरदर्झ मात्र १९३७ मध्येच मरण पावला होता. कोळसा, हवा व पाणी यांपासून बनविलेला धागा म्हणून जाहिरात झालेल्या या मोज्यांचे पहिल्या वर्षातच सुमारे ६.४ कोटी जोड खपले. १९४२ मध्ये नायलॉन हवाई छत्र्या, दोर इ. युद्धसाहित्याकडे वळविण्यात आले. मग स्त्रिया पायांना रंग लावून मागे भुवयांच्या पेन्सिलीने शिवणीची रेघ ओढीत. वस्तू नाहीशी झाली, तरी तिची खूण सोडवेना. युद्धानंतर दुकानांपुढे झुंबड उडाली; १९४६ मध्ये पिट्सबर्ग येथे सु. १३,००० जोडांसाठी सु. ४०,००० लोक रांगेत उभे होते.

धाग्याची जाडी डेनिअर या एककात सांगतात. ९,००० मी. धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे त्याचे डेनिअर होय. १५ डेनिअरच्या मोज्यातून त्वचा स्पष्ट दिसते. १९५९ मध्ये अमेरिकेत मोजे व चड्डी एकत्र जोडलेला पँटीहोज हा प्रकार निघाला व तोकड्या स्कर्टबरोबर त्याचा प्रसार झाल्याने सुट्या स्टॉकिंगची मागणी घटली. गोलाकार यंत्रावर नळीसारख्या विणलेल्या मोज्यांना मागील जोडाची गरज नसते. तरीही काहींवर शोभेसाठी शिवणीची रेघ मुद्दाम उमटवितात.