पोकलेनवरील उष्णतेचा इशारा : दोष पाण्याचा कीं तारेचा?

विहिरी खोदणें, शेततळीं काढणें, ताली घालणें हीं कामें आतां पुष्कळ ठिकाणीं पोकलेनवांचून होत नाहींत, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. (पोकलेन हें मूळचें एका फ्रेंच कारखान्याचें नांव, आपल्याकडे तें सर्वच खोदयंत्रांचें झालें.) नवें यंत्र घेण्याची ऐपत थोड्यांचीच, म्हणून कित्येक बागाईतदार एकट्यानें किंवा भागीदारींत वापरलेलें यंत्र घेतात. अशा यंत्राबद्दल एक तक्रार वरचेवर ऐकूं येते. पडद्यावर एंजिनाच्या पाण्यासंबंधीं इशारा येतो, यंत्राचा जोर कमी होतो, आणि मेस्त्री येऊन प्रथम रेडिएटर धुतो, मग थर्मोस्टॅट बदलतो व शेवटीं सेन्सर बदलतो. पैसे तिन्ही वेळां जातात. पाणी खरोखर तापलें आहे, कीं तापल्याची बातमी आणणारी तारच खोटें बोलत आहे, हा प्रश्न आधीं सोडविला पाहिजे. त्यास एक साधा मल्टिमीटर व थोडा धीर पुरतो.

हा सेन्सर बहुधा थर्मोस्टॅटजवळ बसविलेला असतो व त्याचें टोंक पाण्यांत बुडालेलें असतें. त्याच्या पोटांत एक लहानसा मणी असतो. उष्णता वाढली कीं मण्याचा विजेस होणारा रोध कमी होतो. बॉशच्या एका नेहमींच्या प्रकारांत हा रोध २० अंश सेंटिग्रेडला सुमारें २,५०० ओहम, ८० अंशांस सुमारें ३२० आणि १०० अंशांस सुमारें १८६ ओहम असतो. इतर कारखान्यांचे आंकडे निराळे असतात. कल मात्र तोच. एंजिनाचा संगणक आपल्या आंतील एका रोधकांतून ५ व्होल्टचा दाब या तारेवर सोडतो आणि तारेवर किती व्होल्ट उरले तें पाहतो. मणी थंड असला म्हणजे व्होल्ट जास्त, गरम असला म्हणजे कमी. तार तुटली तर पुरे ५ व्होल्ट उरतात, म्हणजे पाणी अतिशय थंड असल्यासारखें दिसतें. तीच तार घांसून एंजिनाच्या लोखंडास लागली तर व्होल्ट शून्यावर येतात आणि पाणी भडकल्यासारखें दिसतें.

हीं दोन्ही टोंकें खरीं असणें शक्य नाहीं हें संगणकासही कळतें, व तो दोषाचा अंक दाखवितो. अलीकडील बहुतेक संगणकयुक्त डिझेल एंजिनांत पाण्याच्या उष्णतामानास ११० हा अंक ठरलेला आहे. त्यापुढें ३ आला तर व्होल्ट फार, ४ आला तर फार कमी. हे दोन्ही विजेच्या मार्गांतील दोष होत. ० किंवा १६ आला तर मात्र पाणीच तापलें आहे असें संगणकाचें म्हणणें समजावें. कोमात्सु पीसी २००-८ या यंत्रावर पहिले दोन दोष सीए १४४ व सीए १४५ असे दिसतात. सीए १४४ च्या वर्णनांत 'हाय' असा शब्द येतो, आणि पुष्कळांची फसगत होते ती येथेंच. हा 'हाय' व्होल्टचा आहे, उष्णतेचा नव्हे. तरी तो शब्द वाचून रेडिएटर खोलावयास बसणारे कांहीं थोडे नाहींत.

तपासणीस सकाळची वेळ उत्तम. रात्रभर उभ्या असलेल्या यंत्राचें झांकण उघडून प्रथम पाणी पहावें. गरम एंजिनाचें झांकण कदापि उघडूं नये. दाबाखालचें पाणी उसळून अंगावर येतें. पाणी उतरलेलें असेल तर सेन्सरचें टोंक उघडें पडतें व त्याच्या बातमीस कांहींच किंमत राहत नाहीं. पाणी पुरें असल्यास एंजिन सुरू न करितां नुसती चावी फिरवावी आणि पडद्यावरील पाण्याचें उष्णतामान हायड्रॉलिक तेलाच्या उष्णतामानाशीं ताडून पहावें. रात्रभर निवालेलें यंत्र सर्वत्र जवळजवळ सारखेंच थंड असतें. तेल २४ अंश आणि पाणी ७० अंश दिसलें तर निकाल तेथेंच लागला.

नंतर चावी बंद करून सेन्सरचा कपलर काढावा. त्यांत हिरवा गंज, चिखल किंवा ओल दिसते का, तार कोठें घांसली आहे का, उंदरांनीं कुरतडली आहे का, हें नीट पहावें. हंगामाबाहेर महिनेच्या महिने शेतांत उभ्या राहणाऱ्या यंत्रांत उंदीर हा मोठाच शत्रु आहे. आतां चावी चालू करून कपलरच्या तारेकडील दोन टोंकांत व्होल्ट मोजावे. ते ५ च्या जवळपास असावे. तेथें मिळाले नाहींत, पण एक टोंक व बॅटरीची ऋण बाजू यांमध्यें मिळाले, तर परतीची तार तुटली आहे. ५ व्होल्ट बरोबर मिळाल्यास तीं दोन टोंकें लहानशा तारेनें क्षणभर जोडावीं. दोषाचा ३ जाऊन ४ आला तर तार व संगणक दोन्ही निर्दोष, सेन्सर बदलावा. ही जोडणी दोन तारांच्या सेन्सरवरच करावी. तीन-चार तारांचा असेल तर यंत्राचा नकाशा पाहिल्यावांचून हात लावूं नये. रोध मोजतांना चावी बंद असावी, आणि तारेंत सुई टोंचूं नये. त्या छिद्रांतून ओल शिरते.

या सर्वांहून घातक दोष असा कीं, जो कसलाच अंक दाखवीत नाहीं. कपलरमधील गंजामुळें मार्गांत १४० ओहमचा जादा रोध आला असें समजा. सकाळीं २,५०० मध्यें १४० मिळविले तर फरक अवघ्या अंशाभराचा पडतो व वर सांगितलेल्या परीक्षेंत यंत्र उत्तीर्ण होतें. पण दुपारीं पाणी १०० अंशांवर गेलें असतां १८६ मध्यें तेच १४० मिळून ३२६ होतात, आणि पडदा सुखानें ८० अंश दाखवितो. इशारा येतच नाहीं. येते ती हेड गॅस्केट जळल्याची बातमी. म्हणून यंत्र कामावर तापलें असतांही एकदां दुरून उष्णता मोजणाऱ्या उपकरणानें सेन्सरजवळचा भाग मोजून पडद्याशीं ताडावा. चकचकीत धातूवर हें उपकरण कमी आंकडा दाखवितें, यास्तव तेथें आधींच काळ्या रंगाचा ठिपका द्यावा. बाहेरचा आंकडा आंतल्यापेक्षां थोडा कमीच येतो. पण पडद्याहून तो बराच अधिक आला तर काम थांबवून कपलर बदलावा.

वापरलेलें यंत्र विकत घेतांना एक लबाडीही पहावी लागते. सेन्सर नुसता काढून ठेवला तर दोषाचा अंक दिसतो. म्हणून कांहीं विकणारे त्याच्या जागीं दोन पैशांचा रोधक जोडून वर चिकटपट्टी गुंडाळतात. मग एंजिन कितीही तापो, पडद्यावरचा आंकडा हलत नाहीं. सौदा ठरण्यापूर्वीं, यंत्र थंड असतां, स्वतः जाऊन चावी फिरवावी. पहांटेच्या गारव्यांत पडदा ८० अंश सांगत असेल तर विकणाऱ्यासमोरच ती चिकटपट्टी सोडवून पहावी.