जाहिरातीतला आकडा, दारावरचा आकडा

आपल्याकडे पिकअप म्हटले की डोळ्यांपुढे येते ती टोमॅटोचे क्रेट लादून मार्केट यार्डाकडे निघालेली बोलेरो. अमेरिकेत हीच जातकुळी कुटुंबाची मोठी गाडी झाली आहे. सुट्टी लागली की तिच्यामागे ट्रॅव्हल ट्रेलर जोडायचा, म्हणजे पलंग, शेगडी आणि संडास-बाथरूमसकट अख्खे घर, आणि निघायचे.

साहजिकच गाडी घेताना पहिला प्रश्न असतो, ‘ही किती ओढते?’ फोर्ड एफ-150, रॅम 1500 किंवा शेवरले सिल्व्हराडो 1500 यांच्या जाहिरातींत पाच-सहा टनांचे आकडे झळकतात. ते खोटे नसतात. एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने जे-2807 नावाची चाचणी ठरवून दिली आहे. ॲरिझोनात डेव्हिस धरणाजवळचा सुमारे 18 किलोमीटरचा चढ, रणरणत्या उन्हात, एसी पूर्ण चालू ठेवून, वेग ताशी 64 किलोमीटरच्या खाली न जाऊ देता पार करायचा. टोयोटाने 2011 च्या टुंड्रासाठी ही चाचणी सर्वांत आधी स्वीकारली आणि आपलेच आकडे खाली आणले. इतरांना त्यासाठी आणखी काही वर्षे लागली. पण या चाचणीत गाडीत माणसे धरतात दोनच, प्रत्येकी 68 किलोची. पोरे, कुत्रा, सायकली, शेकोटीची लाकडे कुठेच नाहीत.

ओढते इंजिन, पेलते चेसिस, स्प्रिंगा आणि टायर. पेलण्याची मर्यादा बहुधा आधी संपते.

ट्रेलरच्या वजनाचा 10 ते 15 टक्के भाग हिचवर (ट्रेलर जोडायच्या सांध्यावर), म्हणजे पिकअपच्या पाठीवर टेकतो. तो कमी ठेवावा, तर शेजारून मोठा ट्रक गेला की ट्रेलर डावी-उजवीकडे झोकांड्या खाऊ लागतो. सामानासकट ट्रेलर 3,200 किलोचा धरा. (कंपनीच्या पत्रकातले वजन रिकाम्या ट्रेलरचे असते, दीडशे लिटर पाणी भरले की दीडशे किलो वाढले.) हिचवर आले सुमारे 400 किलो. चौघांचे कुटुंब 280. भार पुढच्या चाकांकडे वाटून देणारी खास हिच 45. बेरीज 725. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर प्रत्येक गाडीला एक स्टिकर असते: माणसे आणि सामान मिळून याहून जास्त नको. अनेक एफ-150 वर तिथला आकडा याच्याच आसपास असतो. जाहिरातीच्या हिशेबाने अजून निदान दीड-दोन टन ओढता येतात. गाडी मात्र भरलेली आहे.

गंमत अशी की हा दारावरचा आकडा एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांतही शेकडो किलोंनी वेगळा निघतो. काचेचे छप्पर, विजेवर सरकणाऱ्या सीट, फोर-व्हील ड्राइव्ह, सगळे त्यातूनच वजा होते. त्यामुळे शोरूममधली सर्वांत झगमगीत गाडी अनेकदा सर्वांत कमी पेलते. एक पायरी वरची एफ-250 डिझेलमध्ये घेतली, तर त्या इंजिनाचे जास्तीचे वजन बराच फायदा गिळते. तरीही कोलोरॅडोतल्या 3,400 मीटर उंचीवरच्या आयझेनहॉवर बोगद्याकडे वारंवार जाणाऱ्यांनी हवा दाबून आत घेणारे टर्बो इंजिनच घ्यावे, डिझेल असो वा पेट्रोल; विरळ हवेत साधे पेट्रोल इंजिन धापा टाकते.

गाडी घेतल्यावर खातरजमा महाग नाही. महामार्गावरच्या ट्रक-थांब्यांवर कॅट कंपनीचे वजनकाटे असतात. टाक्या भरून, पोरांना बसवून सगळे काट्यावर चढवायचे. पुढची चाके, मागची चाके आणि ट्रेलर यांची वजने वेगवेगळी छापलेली पावती हातात येते.