दूरच्या यंत्राची किल्ली

बँकांचे हिशेब, रुग्णालयांतील नोंदी, कचेऱ्यांचीं दप्तरें ह्यांचा सांभाळ आज दूर कोठेंतरी अहोरात्र चालणारे संगणक करीत असतात. ह्यांना सर्व्हर म्हणतात, आणि त्यांतील फार मोठ्या संख्येवर लिनक्स ह्या प्रणालीचा अंमल आहे. फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्यानें तिचा गाभा १९९१ सालीं प्रसिद्ध केला. अशा दूरस्थ यंत्राचें दार सुरक्षितपणें उघडणारें 'एसएसएच' हें साधनही त्याच देशांत, १९९५ सालीं, टाटू युलोनेन ह्यांनीं तयार केलें.

लिनक्सच्या राज्यांत 'रूट' नांवाचा एक सर्वाधिकारी असतो. त्याचा क्रमांक शून्य. इतरांस जें वर्ज्य, तें त्यास मोकळें. परंतु एवढी सत्ता घेऊन नित्य वावरणें धोक्याचें. म्हणून व्यवस्थापक साध्या नांवानें आंत जातो आणि 'सूडो' ह्या आज्ञेनें रूटचे अधिकार गरजेपुरते उसने घेतो. हे अधिकार कोणी घ्यावे, ह्याची यादी यंत्रांतच असते. उबुंटूसारख्या प्रकारांत रूटचा परवलीचा शब्द मुळांतच बंद असतो. तेथें सूडो हाच राजमार्ग.

घात होतो तो येथेंच. व्यवस्थापक स्वतःस एका नव्या गटांत घालूं पाहतो. आज्ञेंत 'भर घाला' अशा अर्थाचें एक अक्षर राहून जातें, आणि यंत्र त्याला नव्या गटांत घेतांना जुन्या जोडगटांतून काढून टाकतें. सूडोचा हक्क देणारा गटही त्यांतच गेलेला असतो! चूक तत्काळ उमगत नाहीं, कारण चालू बैठकीस जुनेच गट लागू राहतात. दुसऱ्या दिवशीं प्रवेश केल्यावर मात्र यंत्र त्याला ओळखतें, पण मानीत नाहीं. यंत्राचें काम पूर्ववत् चालूं राहतें; परंतु त्यांत दोष निघाला, तरी तो दुरुस्त करणारा हात उरत नाहीं.

यंत्र समोर असतें, तर तें पुन्हां सुरू करतांना विशेष मार्गानें आंत शिरतां आलें असतें. दूरच्या यंत्राबाबत हें काम जागा पुरविणाऱ्या कंपनीच्या द्वारें करावें लागतें. ती आपला आपत्कालीन पडदा उघडून देते, किंवा तबकडी दुसऱ्या यंत्रास जोडून यादी सुधारूं देते. तबकडी कूटबद्ध असून तिचा शब्दही हरवला असेल, तर मात्र उपाय नाहीं.

ह्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते: ज्याच्या ताब्यांत प्रत्यक्ष यंत्र, त्याच्याच हातीं शेवटची किल्ली. म्हणून जाणते व्यवस्थापक दुसरें दार आधींच राखून ठेवतात. ते अधिकारांची यादी 'व्हिसूडो'नेंच बदलतात, कारण तें जतन करण्यापूर्वीं चूक दाखवितें. आगभिंतीचे नियम बदलतांना, कांहीं मिनिटांनीं जुने नियम आपोआप परत येतील अशी योजना ते करतात. आणि दुसऱ्या खिडकींतून नवा प्रवेश व सूडो हीं दोन्ही सिद्ध होईपर्यंत पहिली बैठक कदापि बंद करीत नाहींत.