संगणकाच्या पडद्यावरील खुंट्या

धानाच्या हंगामात सिंदेवाहीकडच्या किंवा आरमोरीकडच्या एखाद्या घरात डोकावून पाहा. विळा वाशाला खोचलेला, कुऱ्हाड दारामागे, बॅटरी खुंटीला. पहाटेच्या अंधारात हात पुढे केला की वस्तू हाताला लागते. शोधावी लागत नाही. एखाद्या पाहुण्याने नीटनेटकेपणाच्या हौसेने विळा दुसरीकडे ठेवला, तर घरच्या माणसाची सकाळ तो हुडकण्यात जाते.

संगणकाच्या पडद्यावरही अशा खुंट्या असतात. पडद्याच्या एका काठाला एक पट्टी दिसते आणि तिच्यावर लहान लहान चित्रं मांडलेली असतात. एका चित्रावर क्लिक केलं की लिहिण्याचं काम उघडतं, दुसऱ्यावर केलं की हिशेबाचं. ही पट्टी खाली असावी की डावीकडे, आणि हे ठरवावं कोणी, यावर जाणकारांनी वर्षानुवर्षं वाद घातला आहे. आपल्याकडचा कोणी म्हणेल, "येवढ्याशा गोष्टीचं कायले घेऊन बसले?" पण दिवसातून पन्नास वेळा जिथे हात जातो, ती जागा येवढीशी कशी म्हणावी?

पट्टी काठालाच का, हे आधी पाहू. पॉल फिट्स नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1954 साली एक नियम मांडला. एखाद्या जागेवर हात नेऊन टेकवायला किती वेळ लागेल, हे ती जागा किती दूर आणि किती रुंद आहे यावर अवलंबून असतं. आता, पडद्यावरचा बाण काठापाशी अडतो. माऊस कितीही जोराने ढकला, बाण पलीकडे जात नाही. म्हणजे काठाला असलेलं लहानसं चित्रही हाताला मोठं वाटतं. बांधीच्या धुऱ्याला पाणी अडावं, तसं हे आहे.

पण काठ चार आहेत. शाळांतून दिसणारे बरेच पडदे आडवे 1366 ठिपके आणि उभे 768 ठिपके असे असतात. रुंदी भरपूर, उंची बेताची. खालची पट्टी त्या उंचीतले चाळीसेक ठिपके घेते. इंग्रजीला ते चालून जाईल. आपल्या देवनागरीला डोक्यावर वेलांटी, मात्रा, रफार, आणि पायाशी उकार. ओळीला जागा जास्त लागते. मराठी मजकूर टंकणाऱ्याला डावीकडची पट्टी सोयीची, असं माझं मत आहे.

विंडोज 95 मध्ये, म्हणजे 1995 साली, ही पट्टी चारही काठांना ओढून नेता येत असे. 2011 साली उबुंटू या मोफत प्रणालीने 'युनिटी' नावाची नवी मांडणी आणली आणि पट्टी डावीकडे पक्की करून टाकली. लोकांनी हलवण्याची सोय मागितली. उबुंटूचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी नकार दिला. डाव्या कोपऱ्यातल्या मुख्य बटणाजवळच पट्टी हवी, असं त्यांचं म्हणणं. कारण खोटं नव्हतं. तरी लोकांचा आग्रह काही सुटला नाही, आणि 2016 च्या 16.04 या आवृत्तीत पट्टी खाली नेण्याची मुभा मिळाली. गंमत अशी की विंडोज 11 ही 2021 साली आली, तेव्हा नेमकी उलट गोष्ट घडली: जुनी सोय काढून पट्टी खालीच ठेवण्यात आली. चित्रं मधोमध हवीत की डावीकडे, एवढंच विचारलं गेलं.

गुरुजनांना यात एक निकडीची बाब आहे. विंडोज 10 चा सर्वसाधारण मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. एटापल्ली-भामरागडसारख्या तालुक्यातल्या शाळेला नवे संगणक घेणं सोपं नाही, आणि अनेक जुनी यंत्रं विंडोज 11 च्या अटींत बसत नाहीत. अशा यंत्रांवर लिनक्स घालता येतं. उबुंटू घातलं तर पट्टी डावीकडे उभी दिसेल आणि मुलं गोंधळतील, "सर, सारं कुठं गेलं?" म्हणून विचारतील. त्यावेळी सेटिंग्जमध्ये जाऊन पट्टी खाली आणावी; आजच्या उबुंटूत ती डावीकडे, खाली वा उजवीकडे ठेवता येते. लिनक्स मिंटमध्ये तर ती मुळातच खाली असते. मुलांचा हात बसला, की मग डावी बाजू दाखवावी.

मात्र घरातला संगणक एकाचा, शाळेतला चाळीस जणांचा. सकाळच्या वर्गाने पट्टी वर नेली, तर दुपारचा वर्ग अडतो. इथे मी मुभेच्या बाजूने नाही. त्यावर उपाय आहे: ही मांडणी प्रत्येक खात्यापुरती जपली जाते. वर्गागणिक वेगळं खातं उघडून द्यावं, आणि त्या खात्यातली चित्रं त्या वर्गाने आपसात बोलून मांडावीत. सेवा केंद्रात दोघे जण पाळीने बसत असतील, तर त्यांनाही हेच लागू. सातबाऱ्यासाठी रांगेत उभा असलेला शेतकरी, चालक चित्र शोधतो आहे म्हणून ताटकळू नये.